पाहुण्याच्या पायावरचं पाणी

रेश्मा कलशेट्टी रागीट आहे, असं भवानी पेठेत तिला ओळखणारे सगळे सांगतात. सांगताना आवाज जरा खाली आणतात, कारण ती तिथंच एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर काम करते आणि तिच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. मुलीच्या जातीला एवढा राग बरा दिसत नाही, असंही कुणीतरी मान हलवत म्हणतं. यांतल्या एकानेही तिला कधी विचारलेलं नाही की, बाई गं, तुला राग आला तरी कशाचा? विचारलं असतं तर तिने चहा मागवून सगळं सांगितलं असतं. तिच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. लाज वाटावी अशी गोष्ट घडली खरी, पण ती तिने केलेली नव्हती.

ती मैंदर्गीची. घरात बोलणं कानडी, शाळा मराठी आणि भांडण दोन्ही भाषांत. वडील गुरुशांत, ज्यांना ती अप्पा म्हणते, आणि आई अक्कम्मा, तिची अव्वा. तूर आणि ज्वारी पिकवणारं, विहिरीला बऱ्यापैकी पाणी असलेलं, दोन म्हशींचं घर. घर म्हणजे स्लॅबचं, पुढे ओटा, भिंतींना निळा रंग. तो रंग अव्वाने स्वतः अक्कलकोटला जाऊन पसंत केला होता. श्रीमंत म्हणावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. पण कुणाच्या दारात कधी उभं राहावं लागलं नाही, आणि आलेला माणूस न जेवता गेला नाही.

रेश्मा लहानपणापासूनच ऐकून घेणारी नव्हती. खो-खोच्या सामन्यात पंचाने चुकीचा बाद दिला तेव्हा ती मैदान सोडायलाच तयार होईना, आणि शेवटी तिलाच संघातून काढलं. घरी आल्यावर अव्वाने विचारलं, "गप्प बसायला काय झालं होतं?" त्यावर अप्पा म्हणाले, "बाद नव्हती तर बाद नव्हती. तिनं काय करायचं?" रेश्माच्या लेखी तो विषय तिथं संपला.

अक्कलकोटला तिने बी.एस्सी. केलं. पुढे काय, याचं उत्तर गावातल्या बायकांकडे तयार होतं. तेवढ्यात कॉलेजच्या फलकावर तिला एक जाहिरात दिसली. सोलापुरात 'वाटाड्या' नावाची एक संस्था प्रोग्रॅमिंगची शाळा चालवत होती. फी नाही. वर्षभर शिकायचं, आणि शेवटी पुण्या-मुंबईच्या कंपन्या येऊन मुलं निवडणार. प्रवेशासाठी एकच परीक्षा, तीही कोड्यांची. कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल, डोकं चालायला हवं. रेश्माचं चाललं. हजारभर पोरांतून जी मूठभर घेतली त्यांत ती होती, आणि निकालात तिचं नाव पहिलं होतं. हे इथं मुद्दाम सांगायचं, कारण पुढे ही गोष्ट सगळेच विसरले.

शाळा भरायची भवानी पेठेत, एका बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालचे माग विकून झाले होते, पण शेजारच्या कारखान्यातली खटखट दिवसभर चालायची आणि तिच्या तालावर मुलं की-बोर्ड बडवायची. शाळेचे प्रमुख देवदत्त सर. परदेशात मोठ्या कंपनीत काम करून परत आलेले, चाळिशीतले, सतत कंबरेला पट्टा बांधणारे, कारण पाठीच्या मणक्याचं दुखणं. शिकवायचे मात्र उत्तम. अवघड गोष्ट अशी उलगडायचे की पोराला वाटावं, हे मलाच सुचलं. रेश्मा आजही हे नाकारत नाही. शिकवलं चांगलं, असं ती म्हणते, आणि ते म्हणताना तिला जास्तच राग येतो.

शाळेचा एक नियम सरांनीच घालून दिला होता. दर शनिवारी एकेकाचं काम भिंतीवर दाखवलं जायचं आणि बाकीच्यांनी ते मोडून पाहायचं. दोष सापडला की हात वर करून म्हणायचं, "हरकत." मग उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या. काय दिसायला हवं होतं, प्रत्यक्षात काय दिसतंय, आणि दुसऱ्या कुणाला हे तपासायचं असेल तर कसं तपासता येईल. बस. मला असं वाटतं, मला तसं वाटतं, याला तिथं जागा नव्हती. ज्याचं काम असेल त्याने रागवायचं नाही, रुसायचं नाही. एकतर दुरुस्त करायचं, नाहीतर हरकत चुकीची कशी ते दाखवायचं. "प्रोग्रॅम माझा असला तरी हरकत घ्या," असं सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

या शनिवारांसाठी रेश्मा जणू जन्माला आली होती. माढ्याच्या अभिमन्यूने एस.टी.च्या तिकिटांचा प्रोग्रॅम केला, तेव्हा तिने त्यातला प्रवासी गाडीत चढायच्या आधीच उतरवला, आणि प्रोग्रॅम गप्प पडला.

"अगं, असा माणूस असतोय व्हय कुटं?" अभिमन्यू म्हणाला.

"असतोय. घाईत उलटं बटण दाबणारा. तूच हाय की तो."

वर्ग हसला, अभिमन्यूही हसला आणि रात्रीतून त्याने दुरुस्ती केली. हा अभिमन्यू उंच, शांत आणि कामाला पक्का. दोघांची जोडी जमली ती अशी, एकमेकांचं काम मोडून मोडून.

वर्ष संपत आलं तसे सर फिल्मच्या मागे लागले. प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन दोन-तीन मिनिटांची एक फिल्म करायची होती. निवडीच्या दिवशी कंपन्यांना ती दाखवायची, देणगीदारांना पाठवायची. त्यासाठी नंदू नावाचा एक कॅमेरावाला ठरवला होता. पोरांनीही हौसेने हो म्हटलं. आपलं घर, आपली माणसं पडद्यावर येणार, याचं कुणाला अप्रूप वाटणार नाही?

मैंदर्गीला तर सण असल्यासारखं झालं. लेकीचे गुरुजी येणार म्हणून अव्वाने आदल्या दिवशी ओटा सारवल्यासारखा धुऊन काढला आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करायला घेतली. कडक भाकरी होती, शेंगाचटणी होती, भरलं वांगं होतं. अप्पांनी पांढरंशुभ्र धोतर नेसून फेटा बांधला. फेटा त्यांनी स्वतः बांधला, आरशासमोर उभं राहून, दोनदा सोडून.

परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. सरांना आधी शेत पाहायचं होतं, म्हणून अप्पा त्यांना आणि नंदूला बांधावरून घेऊन गेले. परत आले तेव्हा सरांचे पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलाने भरलेले. दाराशी बादली आणि तांब्या ठेवलेलाच होता. त्या घरात बाहेरून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं, ही रीत. म्हशीचा डॉक्टर आला तरी, वायरमन आला तरी, व्याही आला तरी. घरातल्या कर्त्याने तांब्या उचलायचा आणि पाहुण्याने पाय पुढे करायचा. यात देणंघेणं काही नाही, तुम्ही आलात आणि आम्हाला दिसलात, एवढाच त्याचा अर्थ.

"बर्री, बर्री. या, पाय धुवा अगोदर," अप्पा म्हणाले. "मी पानी घालतो की."

पट्ट्यामुळे सरांना वाकता येईना. काळी माती नुसत्या पाण्याने सुटत नाही. तेव्हा अप्पा खाली बसले आणि एका हाताने पाणी घालत दुसऱ्या हाताने सरांच्या टाचेची माती काढली. म्हशीच्या डॉक्टरचीही एकदा काढली होती.

रेश्मा तेव्हा आत ताटं मांडत होती. बाहेर नंदू जमिनीलगत कॅमेरा धरून बसलाय, हे तिला दिसलं नाही. जेवणाआधी तिला शेजारच्या काकूंकडून पाट आणायला पाठवलं, तेवढ्या वेळात गोठ्यापाशी काय चाललं होतं, तेही दिसलं नाही. पाहुणे भरपेट जेवले. निघताना अप्पांनी दोघांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. सरांनी वाकून नाही, पण हात जोडून नमस्कार केला, आणि गाडी गेली.

नंतर काही दिवस घरचा फोन नेहमीसारखा येत होता, पण त्यात अप्पांचा आवाज नसे. अव्वा एकटीच बोलायची. एकदा रेश्माने खोदून विचारलं.

"अप्पा कुठं आहेत?"

"आहेत की. गोठ्यात."

"बाजाराला गेले नाहीत?"

पलीकडे अव्वाने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाजारात आता जात नाहीत ते. तुझ्या शाळेचा पिक्चर आलाय ना गं मोबाईलवर. बसप्पाच्या सलूनमध्ये सगळ्यांनी पाहिला. तो म्हणाला त्यांना, काय गुरुशांता, पाय धुतलास ते धुतलास, तीर्थ घेतलास का न्हाई?"

रेश्माने फोन ठेवला आणि संस्थेच्या पानावर जाऊन फिल्म लावली.

फिल्म रंगीत नव्हती. निळं घर त्यात कुठंच नव्हतं. होता तो गोठा, आणि गोठ्यात गव्हाणीला टेकून बसलेले अप्पा, उघड्या डोक्याने. फेटा त्यांच्या डोक्यावर नव्हता. तिने आयुष्यात अप्पांना परक्या माणसासमोर उघड्या डोक्याने पाहिलं नव्हतं. मागे बासरी वाजत होती. मग सरांचे पाय, पाणी, आणि त्या पायांवर वाकलेले अप्पा, अगदी हळूहळू चालणाऱ्या चित्रात. वर अक्षरं उमटली: 'ज्यांनी लेकीला मोफत शिकवलं, त्यांचे पाय धुणारा बाप.'

तिने ती पुन्हा पाहिली, मग पुन्हा, कारण हरकत घ्यायची तर नीट पाहून घ्यावी लागते. मग तिने नंदूला फोन लावला.

"फेटा कुणी काढायला लावला?"

"सर बोलले, जरा नॅचरल दिसू दे," नंदू म्हणाला. "तुझ्या वडिलांनी लगेच काढला की. काही बोलले नाहीत."

बोलणार कसे? पाहुण्याने मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. फेटा काढून त्यांनी गोठ्यातल्या खुंटीला अडकवला असणार, म्हशीच्या दाव्याशेजारी. त्या माणसाने चांगुलपणाने जे जे पुढे केलं, ते ते यांनी उचललं आणि भिकेसारखं दाखवलं. हा विचार तिच्या मनात आला आणि तो आजवर गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या टेबलासमोर उभी होती.

"फिल्म काढून टाका, सर."

"अगं, लाखभर लोकांनी पाहिली ती," सर म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. "माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं एडिट करताना."

"आमचं घर पक्कं आहे. तुम्ही त्यात जेवलात."

"घर सगळ्यांचंच असतं रेश्मा. लोकांना प्रवास दिसायला लागतो. कुठून कुठं आलीस ते."

"मी मैंदर्गीहून भवानी पेठेत आले. एस.टी.ने."

सर हसले, मग हसू आवरून त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "हे बघ. निवडीचा दिवस चार दिवसांवर आलाय. उर्वी मॅडमच्या कंपनीने तुझी टेस्ट पाहिली आहे, सगळ्यांत वर आहेस तू. तुझं जवळजवळ नक्की आहे. आता हे मध्ये आणू नकोस. नोकरी लागू दे, मग बघू आपण. आणि प्रवेशाच्या वेळी शूटिंगला तुम्ही सगळ्यांनी परवानगी दिली होती, हेही लक्षात घे."

म्हणजे सरळ होतं. गप्प बसली तर पुण्याची नोकरी, आणि अप्पा कायमचे गोठ्यात. बोलली तर अप्पांची मान वर होईल की नाही हे सांगता येत नव्हतं, नोकरी मात्र जाणार.

तिने अभिमन्यूला गाठलं. त्याचीही फिल्म झाली होती. त्याची आई अंगणवाडी सेविका, इस्त्रीच्या साडीशिवाय घराबाहेर न पडणारी. तिला यांनी उसाच्या फडात विळा घेऊन उभं केलं होतं.

"तुझ्या आईने आयुष्यात ऊस तोडला आहे का?"

"न्हाय. पण ती लई हसली बघून. म्हनली, बरी दिसतीय की मी."

"तुला काहीच वाटलं नाही?"

अभिमन्यूने इकडेतिकडे पाहिलं. "वाटलं. पन मला नोकरी पायजे रेश्मा. धाकटीचं कॉलेज माझ्यावर हाय. तू बोल, मी अडवत न्हाय. फकस्त माझं नाव घेऊ नको."

तिला त्याचाही राग आला. पण तो राग वेगळा होता, त्यात दम नव्हता.

निवडीचा दिवस होटगी रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. पुढच्या रांगेत देणगीदार, त्यांच्यामागे कंपन्यांची माणसं, मागे मुलं. पद्धत अशी ठरली होती की आधी मुलाची फिल्म लागणार, मग ते मूल पुढे येऊन आपलं काम दाखवणार. अभिमन्यूची आई फडात उभी राहिली, हॉलमध्ये कुणीतरी 'अरेरे' केलं, अभिमन्यूने पुढे जाऊन काम दाखवलं, टाळ्या झाल्या. मग बासरी सुरू झाली.

पडद्यावर गोठा आला. अप्पा वाकले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. दिवे लागले आणि देवदत्त सर म्हणाले, "आणि ही आमची रेश्मा."

ती पुढे गेली. लॅपटॉप उघडला नाही. हात वर केला.

"हरकत," ती म्हणाली.

मागच्या रांगांत खुर्च्या सरकल्या. मुलांना कळलं. पाहुण्यांना कळलं नाही.

"आमच्या शाळेचा नियम आहे," ती पाहुण्यांकडे वळून म्हणाली. "भिंतीवर दाखवलेल्या कुठल्याही कामावर हरकत घेता येते. सरांच्या कामावरही. आता जे काम दाखवलं त्यात काय दिसतं? एक गरीब माणूस उपकार फेडायला सरांचे पाय धुतो. काय दिसायला हवं होतं? एक शेतकरी दारात आलेल्या पाहुण्याच्या पायावर पाणी घालतो, कारण पाहुण्याचे पाय चिखलात भरलेत आणि त्याला वाकता येत नाही. त्या दिवशी माझे वडील फेटा बांधून होते. तो शूटिंगसाठी काढायला लावला. आमचं घर निळं आहे. सर आणि कॅमेरावाले त्या घरात हुग्गी जेवले, ते घर कापून टाकलंय. हे तपासायचं कसं? मैंदर्गीची गाडी स्टँडवर मिळते. तुमच्यापैकी कुणीही उद्या या. पाणी तुमच्याही पायावर पडेल."

"रेश्मा," सर हसत पुढे आले, "भावना मी समजू शकतो." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "ती आज जरा इमोशनल झाली आहे."

"हरकतीला हे उत्तर चालत नाही, सर. एकतर दुरुस्त करायचं, नाहीतर मी चुकले कुठं ते दाखवायचं."

सर पुढच्या रांगेकडे पाहून पुन्हा हसले.

"आणखी एक," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिने दोन्ही हात टेबलावर टेकवले. "फिल्ममध्ये 'मोफत' लिहिलंय. आम्ही फी दिली नाही, हे खरं. पण आम्हाला घेतलं की या कंपन्या संस्थेला पैसे देतात, हेही खरं. सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यात वाईट काही नाही. त्यांनी चांगलं शिकवलं, आम्ही चांगलं शिकलो, कंपन्यांना माणसं मिळाली. सगळ्यांचं बरोबरीने झालं. मग माझ्या वडिलांनी वाकून काय फेडलं? ते तेवढं मला सांगा, म्हणजे मी माझं काम दाखवते."

रुमालवाल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मग उर्वी मॅडम, पुण्याच्या त्या कंपनीच्या, तिशीच्या, आखूड केसांच्या, म्हणाल्या, "तुमचं काम दाखवा. मला पाहायचं आहे." रेश्माने दाखवलं. तुरीची आवक-जावक सांभाळणारा तिचा प्रोग्रॅम एकदाही अडखळला नाही. टाळ्या मात्र तुरळक पडल्या, त्याही मागून.

दुपारी मुलाखत झाली. उर्वी मॅडम सरळ बाई होत्या, हे म्हणायला हवं.

"खरं सांगू का, अशा फिल्म आम्हीच मागितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आमच्या वरच्या लोकांना आवडतात."

"आता कळलं ना तुम्हाला, त्या कशा बनतात?"

"कळलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही टीममध्येही अशाच सगळ्यांसमोर उभ्या राहाल का?"

"काम चुकलेलं असेल तर राहीन."

"आणि आधी एकटीने जाऊन सांगणार नाही?"

"सांगितलं होतं, मॅडम. सरांना एकटीनेच जाऊन सांगितलं होतं."

मॅडमनी मान डोलावली आणि कळवते म्हणाल्या. कळवलं नाही. अभिमन्यूला कळवलं. तो पुण्याला गेला, जाताना तिच्या खोलीवर पेढे ठेवून गेला, ती नसताना. शनिवारची हरकत शाळेत त्यानंतर बंद झाली. सरांनी तिचं नाव बदलून 'सूचना' केलं, आणि सूचना लेखी द्यायच्या ठरल्या. फिल्म होती तिथंच राहिली, फक्त अक्षरं बदलली. आता तिथं लिहिलं होतं: 'मातीतला पाहुणचार'. पाय तेच, वाकलेले अप्पा तेच, बासरीही तीच.

गोष्ट कुणीतरी त्या दिवशी न आलेल्या देणगीदारांच्या कानावर वाढवून घातली असावी. कारण महिनाभराने देवदत्त सर स्वतः मैंदर्गीला आले, सोबत नंदू. रेश्मा त्या दिवशी घरीच होती. तिने गाडी ओळखली आणि दारात आडवी उभी राहिली, पण अप्पांनी तिला हाताने बाजूला केलं. डोक्यावर फेटा होता. बादली आणि तांब्या दाराशी होताच. अप्पांनी तो उचलला नाही.

"पानी ठेवलोय," ते म्हणाले.

सरांनी पट्ट्यावर हात ठेवून कसंबसं पायांवर पाणी ओतून घेतलं. मग म्हणाले, "अप्पा, थोडा गैरसमज झालाय. तुमच्या मनात काही नाही, एवढं दोन शब्दांत कॅमेऱ्यासमोर बोललात तर सगळं मिटेल. संस्थेत अजून पोरं शिकतात हो. त्यांच्यासाठी म्हणून बोला."

"मी तुमचा अप्पा न्हाई," गुरुशांत म्हणाले. "मला गुरुशांत म्हनतात. जेवायला आलाय का शूटिंगला?"

"दोन्ही म्हणा ना."

"दोन्ही जमत न्हाई. जेवायला आला असाल तर मोबाईल, कॅमेरा तितं चपलांजवळ ठेवा आन् आत या, भाकरी तयार हाय. शूटिंगला आला असाल तर पानी पिऊन जावा."

सर तिथंच उभे राहिले. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. नंदूने कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर सरकवला आणि सरांकडे पाहिलं. अव्वाने आतून पाण्याचे दोन पेले आणून दिले. दोघे पाणी प्याले आणि गेले. गाडी वळेपर्यंत अप्पा दारात उभे होते, हात मागे बांधून.

रेश्माला वाटलं, आता संपलं. तसं ते संपलं नाही. पुढच्या वर्षीची पोरं आली, त्यांच्या फिल्म आल्या, आणि तिच्या अप्पांची फिल्म त्या ढिगात खाली गेली. पण मैंदर्गीच्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये ती आजही आहे, आणि सणावाराला कुणीतरी ती काढतंच.

तिला काम मिळालं ते भवानी पेठेतच. टॉवेल-चादरींच्या व्यापाऱ्यांसाठी प्रोग्रॅम बनवणारी एक छोटी कंपनी आहे, चार-पाच माणसांची. तिथं बाकीचे बनवतात आणि ही मोडते. गिऱ्हाईकाच्या हातात जायच्या आधी प्रत्येक गोष्ट तिच्या हातून जाते, आणि तिच्या मालकाला तिची भीती वाटते, हे तो स्वतःच चहाच्या टपरीवर सांगतो. अभिमन्यू कधीतरी पुण्याहून फोन करतो. "एक गोष्ट मोडून दे की," म्हणतो. ती मोडून देते. पण त्या हॉलमध्ये तो मान खाली घालून बसला होता, हे ती विसरलेली नाही, आणि त्यालाही ते माहीत आहे.

सुट्टीला ती गावी जाते. परवा गेली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. अव्वा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. गोठ्यातून म्हशीच्या पाय आपटण्याचा आवाज येत होता.

"काय झालंय तिला?"

"फेट्याला बुजते," अव्वा म्हणाली. "अजून सवय झाली नाही तिला. हसूलालेत सगळे गल्लीतले. पण ऐकतंय कोण?"

रेश्मा गोठ्यात गेली. अप्पा धारेला बसले होते, गुडघ्यांत चरवी, अंगात फाटका बनियन, आणि डोक्यावर कडक इस्त्रीचा, तुरा काढून बांधलेला पांढरा फेटा. म्हैस मान वळवून त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होती. शेणाचा एक शिंतोडा फेट्याच्या काठावर उडालेला होता.

"अप्पा, इथं तरी काढा की आता," ती म्हणाली.

अप्पांनी धार थांबवली नाही.

"कोन येतंय, सांगता येत न्हाई," ते म्हणाले.